भोचक आणि बर्फाचा कारखाना

त्याचं खरं नाव चांगलं होतं, पण थोरल्या बहिणीनं त्याला लहानपणीच 'भोचक' म्हणायला सुरुवात केली आणि ते त्याला असं चिकटलं, की पुढे फिल्मच्या शेवटी पांढऱ्या अक्षरांत खरं नाव झळकलं तरी घरच्यांना क्षणभर प्रश्न पडायचा, हा कोण बुवा. घरात पाहुणे आले की हा दाराआड उभा. शेजारी भांडण जुंपलं की हा जिन्यावर. कुणी रडायला लागलं की बाकीची मुलं काढता पाय घ्यायची, हा जवळ जाऊन बसायचा आणि अगदी मायेनं विचारायचा, "का रडतेस गं?"

"सगळं दिलंय याला देवानं," ताई म्हणायची, "लाज तेवढी द्यायची राहिली."

वडिलांचा फोटो स्टुडिओ होता, एका खोलीचा. मागे निळा पडदा, पुढे दोन दिवे आणि एक स्टूल. माणसं केस चापूनचोपून यायची आणि स्टुलावर बसली की त्यांचा लाकडी ओंडका व्हायचा. वडील म्हणायचे, "जरा हसा," की ती आणखीच बिघडायची. भोचकच्या ध्यानात एक गोष्ट आली. काही न बोलता दिवे हलवल्यासारखं करत राहिलं, तर माणूस थोड्या वेळानं कंटाळतो आणि फोटोसाठी आणलेला चेहरा गळून त्याचा स्वतःचा चेहरा वर येतो. तो दिव्याशी उगाच खुडबूड करत राही आणि नेमक्या क्षणी वडिलांना हळूच म्हणे, "आता." वडिलांचे फोटो त्या भागात नावाजले गेले. श्रेय त्यांनी मुलाला दिलं, आणि मुलानं आयुष्यभर तेच भांडवल वापरलं.

मोठा झाल्यावर तो सरकारच्या फिल्म विभागात चिकटला. तिथं त्यानं लसीकरणावर, मधमाश्यांवर, गटारांवर छोटे छोटे माहितीपट केले. गटारांच्या फिल्ममध्येसुद्धा एक सफाई कामगार आपल्या मेलेल्या भावाबद्दल असा काही बोलून गेला, की वरिष्ठांनी फिल्म दोनदा पाहिली. मग नोकरी सोडून त्यानं स्वतःच्या फिल्म सुरू केल्या. सर्कशीतून निवृत्त झालेल्या बाईवर एक केली, लिफ्ट चालवणाऱ्यांवर एक. लोक म्हणायला लागले, भोचक दगडालाही बोलतं करील.

त्याची पद्धत साधी होती. पहिले काही आठवडे कॅमेरा न्यायचाच नाही. नुसतं जाऊन बसायचं, चहा प्यायचा, कडेवर पोरं घ्यायची, कुणाची गळकी तोटी दुरुस्त करून द्यायची. आणि एवढं करूनही माणूस मोकळा होत नसेल तर शेवटचा उपाय म्हणजे आपलंच काहीतरी त्याला सांगायचं. हाताखालच्या नव्या मुलांना तो हे हसत हसत सांगायचा, "आपलं चिमूटभर द्यायचं, त्यांचं ओंजळभर घ्यायचं."

पन्नाशीच्या अलीकडे त्याला बर्फाचा कारखाना सापडला. बंद पडायच्या बेताला आलेला. लांबलचक शेडमध्ये लाकडी फळ्यांची जमीन, फळ्यांखाली मिठाच्या पाण्याचा हौद, त्या पाण्यात बुडवून ठेवलेले पत्र्याचे उंच डबे. साखळीच्या यारीनं डबा वर ओढायचा, साध्या पाण्यात बुचकळून सैल करायचा आणि आडवा केला की आतून माणसाएवढी बर्फाची लादी घसरत बाहेर यायची. अमोनियाच्या वासानं नव्या माणसाचे डोळे चुरचुरत. तिथल्या मिस्त्रीला कारखान्यात येऊन जन्म लोटला होता. थोडा वाकलेला, अबोल, हाताला कायमचा लाल रंग चढलेला. भोचकनं त्याला पाहिलं आणि मनात म्हणाला, हाच.

पण मिस्त्री बोलेना. यंत्राबद्दल विचारलं की तासभर सांगायचा, स्वतःबद्दल विचारलं की, "आमचं काय साहेब, चाललंय." भोचक त्याच्या घरी जायला लागला. कारखान्याच्या मागच्याच गल्लीत दोन खोल्यांचं घर, दाराशी कुंड्या, आत इतकं स्वच्छ की चपला कुठं काढाव्यात हाच प्रश्न. मिस्त्रीची बायको ठेंगणीठुसकी आणि बोलकी होती. तिनं दुसऱ्याच भेटीत त्याला 'भाऊजी' म्हणायला सुरुवात केली आणि तो तिला 'वहिनी' म्हणू लागला. कॅमेऱ्यासमोर ती आधी लाजली, मग वाटाणे सोलता सोलता घडाघडा बोलली.

"घरासाठी आयुष्यभर रात्रपाळी केली यांनी," ती म्हणाली. "मुलगी लहान होती तेव्हा मी म्हणायचे, दिवसाची घ्या की एखादी. तर म्हणायचे, रात्री जबाबदार माणूस नको का तिथं? कधी कुरकुर नाही, कधी काही नाही. असा माणूस मिळायला भाग्य लागतं, भाऊजी."

आणि मग एका दुपारी, चित्रीकरणापुरता मिस्त्री दिवसाही कारखान्यात यायचा तेव्हा, यारी थांबवून दोघं हौदाच्या कडेला बसले असताना, भोचकनं शेवटचा उपाय काढला. कॅमेरामन कोपऱ्यात होता, कॅमेरा चालूच होता. भोचक सहज बोलावं तसा म्हणाला, "खरं सांगू का मिस्त्री, मला लग्नच करायचं नव्हतं. झालं आपलं. घरी जायचा कंटाळा येतो म्हणून तर मी असा बाहेर बाहेर हिंडत असतो."

मिस्त्रीनं त्याच्याकडे पाहिलं. मग खाली बघत म्हणाला, "रात्रपाळी मला कुणी लावली नव्हती. मी मागून घेतली. आईनं लग्न ठरवलं, मी मान हलवली. वाईट नाही ती. पण संध्याकाळी दोघं समोरासमोर बसलो की काय बोलायचं सुचायचंच नाही मला. भोंगा झाला की सुटल्यासारखं वाटायचं." तो थांबला आणि कसंनुसं हसला. "कारखाना बंद होतोय म्हणून सगळे मला धीर देतात. मला त्याचं काही नाही. आता रोज रात्री घरी असणार, याची भीती वाटते."

भोचकच्या अंगावर शहारा आला. तो आनंदाचा होता, हे त्याला तेव्हाच कळलं होतं.

उठताना मिस्त्रीनं विचारलं, "हे लावणार आहात का तुम्ही?"

"बघू," भोचक म्हणाला. "काटछाटीत काय राहतं, काय जातं, आधी कुणाला सांगता येतं?"

त्या संध्याकाळी सामान ठेवायला तो मिस्त्रीच्या घरी गेला. वहिनींनी चहा दिला.

"आज खुशीत दिसताय भाऊजी. मिळालं का हवं ते?"

"मिळालं वहिनी," तो म्हणाला आणि दुसरा कपही घेतला.

त्याच्या फिल्म जोडायला एक वयस्कर बाई होती. सगळे तिला काकू म्हणत. अंधाऱ्या खोलीत दोघं तो तुकडा पाहत होते. भोचकनं सांगितलं, आधी वहिनींचं वाटाणे सोलतानाचं बोलणं लाव, आणि 'भाग्य लागतं' म्हणाल्या की लगेच मिस्त्री. मध्ये काही नको.

काकूनं तसं लावून पाहिलं आणि यंत्र थांबवलं. "आणि त्याच्या आधीचं हे तुझं वाक्य? तुझ्या लग्नाचं?"

"ते काढ. माझा आवाज कशाला फिल्ममध्ये?"

"म्हणजे तुझं काढायचं आणि त्याचं ठेवायचं."

"तो फिल्ममधला माणूस आहे, काकू. संमतीच्या कागदावर त्याची सही आहे."

"तिची आहे?"

"तिच्याही बोलण्याची आहे."

"तिच्या बोलण्यानंतर काय येणार आहे, ते तिला माहीत आहे का, एवढंच विचारतेय मी."

भोचक म्हणाला, "अगं, हाच तर फिल्मचा जीव आहे." काकूनं पुढे वाद घातला नाही. काम केलं, आणि चोख केलं. फक्त त्या दिवशी डबा घेऊन ती बाहेरच्या बाकावर एकटी जेवायला बसली.

फिल्म गाजली. दूरदूरच्या शहरांतल्या मोठ्या पडद्यांवर लागली. 'भाग्य लागतं'नंतर मिस्त्रीचा चेहरा आला की प्रेक्षक हमखास हसायचे, आणि मग हळूहळू गप्प व्हायचे. ते हसणं आणि ते गप्प होणं ऐकायला भोचक मुद्दाम मागच्या रांगेत उभा राहायचा. त्याचा ऊर भरून यायचा. असल्या एका खेळाहून परतताना त्याच्या मनात आलं, की कामगारांना ही फिल्म दाखवायलाच हवी. त्यांचीच तर आहे. हे कुणी त्याच्यावर लादलं नाही. त्याचं त्यालाच सुचलं, आणि सुचल्याचा त्याला अभिमान वाटला.

कारखान्याच्या म्हाताऱ्या मालकानं शेड झाडून दिली, खुर्च्या मागवल्या. हौद कोरडा पडला होता. संध्याकाळी अख्खी गल्ली जमली. वहिनी पहिल्या रांगेत होत्या, नवे कपडे घालून, मांडीवर नात, एका बाजूला मुलगी, दुसऱ्या बाजूला दोन्ही नणंदा. मिस्त्री कुठंतरी मागे उभा होता. पडद्यावर ओळखीची माणसं दिसली की लोक नावं घेऊन चिडवत होते. वहिनी वाटाणे सोलताना दिसल्या तेव्हा टाळ्या पडल्या. त्यांनी मागे वळून सगळ्यांकडे पाहिलं आणि तोंडावर हात घेऊन हसल्या.

मग पडद्यावर मिस्त्री आला.

भोचक यावेळीही मागेच उभा होता. नेहमीच्या जागी हसणं येईल म्हणून त्याचे कान सवयीनं टवकारले. कुणी हसलं नाही. एक नणंद फक्त फिस्सकन हसली आणि तिनंच स्वतःचं तोंड दाबलं. वहिनींची पाठ त्याला दिसत होती. ती हलली नाही. नात काहीतरी विचारत होती. वहिनींनी तिच्या केसांवरून हात फिरवला, एकदा, दोनदा, परत परत, फिल्म संपेपर्यंत. दिवे लागल्यावर लोकांना एकमेकांकडे बघवेना. सगळे खुर्च्या उचलायच्या मागे लागले. वहिनी उठल्या, नातीला कडेवर घेतलं आणि गर्दीनं आपोआप करून दिलेल्या वाटेनं, सरळ समोर बघत बाहेर गेल्या. त्याच्या अगदी जवळून गेल्या.

त्या क्षणी भोचकचे कान तापले, मानेपासून वर काहीतरी चढत गेलं आणि त्याला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. या वयापर्यंत त्यानं ही गोष्ट दुसऱ्यांच्या चेहऱ्यावर किती वेळा टिपली होती. स्वतःला ती अशी पहिल्यांदाच झाली. वहिनींच्या हातचा चहा पिताना त्याला माहीत होतं, त्यांना नव्हतं. त्या महिन्यांत तो किती कप प्यायला होता, हे त्याला आठवायला लागलं आणि थांबेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. मिस्त्री बाहेर पायरीवर बसला होता. त्यानं सरकून वाट दिली. वहिनी आत भांडी पुसत होत्या.

"या साहेब," त्या म्हणाल्या.

तो उभाच राहिला. "मी तो भाग काढून टाकतो वहिनी. टीव्हीवर लागणार आहे, त्याआधी काढतो."

"काढा, नाहीतर ठेवा. ज्यांच्यात मला राहायचंय, त्यांनी बघितलं."

"चुकलं माझं."

"तुमचं काय चुकलं? बोलले ते हे." त्यांनी दाराकडे नुसती मान केली. "माझ्याशी इतक्या वर्षांत चार वाक्यं धड बोलले नाहीत, ते तुमच्याशी कसे बोलले, एवढंच मला कळत नाही."

खोटं बोलायला जागा होती. भोचकला ती दिसतही होती. पण त्याच्या तोंडून खरं निघालं. "मी आधी माझं सांगितलं. म्हणालो, मला लग्नच करायचं नव्हतं. घरी जायचा कंटाळा येतो. तेव्हा ते बोलले."

वहिनींचा हात थांबला. "पण ते तर फिल्ममध्ये नव्हतं."

"नाही. मी काढलं."

त्यांनी पुसलेलं भांडं फळीवर ठेवलं, नीट सरळ केलं. "तुमच्या बायकोला माहीत आहे?"

"नाही."

"मग आधी तिकडे जा. इथं माझ्या दारात काय उभे राहिलात?"

बाहेर आला तेव्हा मिस्त्री पायरीवर तसाच होता. खालच्या आवाजात म्हणाला, "सकाळी मला 'मिस्त्री' म्हणाली. 'मिस्त्री, पाणी तापलंय.' आजवर कधी 'अहो'शिवाय हाक नव्हती." तो रागावला असता तर भोचकला बरं वाटलं असतं. पण मिस्त्री रागावलेला नव्हता. त्याचीही मान खाली होती, आणि दोघं जण एकाच चोरीत सापडल्यासारखे थोडा वेळ तिथं राहिले.

भोचकची बायको एका दवाखान्यात औषधं द्यायच्या खिडकीवर काम करायची. कमी बोलणारी, हिशेबी डोळ्यांची. त्यानं तिला स्वयंपाकघरात सगळं सांगितलं, कारखान्यातल्या दुपारपासून वहिनींच्या दारापर्यंत. काहीही गाळलं नाही. तिनं गॅस बंद केला आणि विचारलं, "खरं होतं का ते?"

"माहीत नाही," तो म्हणाला. "त्याला बोलतं करायचं होतं. बोलून गेलो."

"म्हणजे खरं असो, खोटं असो, तुला उपयोगी पडलं."

तो ओट्यावरचं झाकण सरळ करत राहिला.

"खरं असतं तर निदान मला भांडता आलं असतं," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "आणखी किती जणांना सांगितलंयस माझ्याबद्दल?"

त्यानं आठवून पाहिलं. सर्कशीतल्या बाईला सांगितलं होतं, की आम्हाला मूल होत नाही ते तिच्यामुळे. तेही धड खरं नव्हतं. एका लिफ्टवाल्याला काहीतरी. एकेका फिल्मच्या मुळाशी त्यानं बायकोचं एकेक वाक्य पुरलेलं होतं. ते त्यानं तिला सांगितलं आणि सांगताना त्याला तिच्याकडे बघता आलं नाही. ती ऐकून घेऊन बाहेरच्या खोलीत गेली. संसार मोडला नाही. पण तेव्हापासून तो घरी येऊन दिवसभराचं काही सांगायला लागला, की ती मध्येच विचारायची, "हे आता मला का सांगतोयस?"

तो भाग त्यानं काढला. टीव्हीच्या अधिकारी बाई संतापल्या. "अहो, बाकी राहतो तो नुसता बर्फ." तो हटला नाही. कारण विचारलं तर सांगेना, कारण सांगायचं म्हणजे तीच गोष्ट पुन्हा चारचौघांत मांडणं आलं. शेवटी फिल्म दुपारच्या आडवेळेला लागली. आणि मग त्याच्या ध्यानीमनी नव्हतं ते घडलं. ज्यांनी मूळ फिल्म पाहिली होती ते विचारायला लागले, हा भाग कुणी कापला? एका वर्तमानपत्रानं छापलं, की रात्रपाळीचं आणि कारखाना बंद होण्याचं बोलणं झोंबलं म्हणून कारखान्याच्या मालकानं वजन खर्ची घालून दिग्दर्शकाचा आवाज दाबला. ज्या म्हाताऱ्यानं खुर्च्या मागवल्या होत्या, त्याच्या फाटकावर कुणीतरी काळा रंग फासला.

भोचकनं बातमीदाराला फोन केला. "मालकाचा काही संबंध नाही. मीच कापलं."

"समजतंय मला," बातमीदार आवाज खाली आणून म्हणाला. "तुम्हाला उघड बोलता येत नाही."

त्यानं चार ओळींचा खुलासा पाठवला. तो आतल्या पानावर आला, आणि त्याखाली संपादकांनी लिहिलं, की या ओळींमधली घुसमट वाचकांना जाणवल्यावाचून राहणार नाही. भोचक मालकाकडे गेला, हात जोडून उभा राहिला. म्हातारा म्हणाला, "तुमच्यामुळे लोकांना कळलं तरी, की मला इतका वट आहे," आणि हसला. फाटक नव्यानं रंगवायला भोचक स्वतः दोन दिवस उभा राहिला, तर त्याचाही फोटो निघाला.

वर्ष उलटायच्या आत एका संस्थेनं त्याला निर्भीडपणाबद्दल सन्मान जाहीर केला. तो नाही म्हणाला. तेही विनयात जमा झालं. शेवटी, निदान व्यासपीठावरून तरी खरं सांगता येईल, असा विचार करून तो गेला. सभागृह भरलेलं होतं. ताई पुढे बसली होती. बायको आली नव्हती.

"माझ्यावर कुणाचाही दबाव नव्हता," तो म्हणाला. "मी एका बाईशी वाईट वागलो. तिचा विश्वास घेतला आणि तिचंच हसं केलं. म्हणून मी तो भाग काढला. यात निर्भीड असं काही नाही. मला लाज वाटते."

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक उभे राहिले. अध्यक्षांनी त्याचा खांदा दाबला. त्याला कळलं, की 'लाज वाटते' हे वाक्यही त्यानं फार चांगलं म्हटलं होतं. नेमक्या जागी थांबून, नेमका श्वास घेऊन. आयुष्यभर दुसऱ्यांकडून काढून घेतलेलं कसब आता त्याच्या अंगात इतकं भिनलं होतं, की माफीसुद्धा वठत होती. तो खाली बसला तो पायांकडे बघत. परतताना गाडीत ताईनं विचारलं, "ती बाई इथं होती का रे?"

"नव्हती."

"मग हे कुणाला सांगितलंस?"

त्यानंतर त्यानं फिल्म केल्या त्या थोड्या, आणि नावाजल्या गेल्या नाहीत. गाढवांवर एक, पुलाखालच्या झाडांवर एक. तो शिकवायला लागला. मुलं एखादा विषय घेऊन आली, की तो आधी विचारायचा, त्या माणसाच्या घरी कोण कोण आहे, आणि त्यांना हे कधी कळणार आहे. मुलांना ते भित्रेपणाचं वाटायचं. एकदोघांनी तोंडावर तसं म्हटलंही. त्यानं वाद घातला नाही. 'चिमूटभर' आणि 'ओंजळभर' मात्र तो पुन्हा कधी बोलला नाही. कुणी त्याच्याच जुन्या मुलाखतीतून काढून दाखवलं, की खिडकी उघडायला म्हणून उठायचा.

बर्फाची उरलेली फिल्म शाळांमधून दाखवतात. पाणी कसं गोठतं ते मुलांना त्यात छान कळतं म्हणे.

एकदा भाजी बाजारात वहिनी अचानक समोर आल्या. केस पांढरे झाले होते, चाल मंदावली होती. त्याला वाटलं, मागे फिरावं. पण मागे गर्दी होती.

"बरे आहात ना?" त्यांनीच विचारलं.

"हो. मिस्त्री?"

"आहेत. गुडघे धरलेत. दिवसभर रेडिओ लावून बसतात." मग त्या म्हणाल्या, "सांगितलंत का त्यांना? तुमच्या घरी?"

"त्याच दिवशी सांगितलं."

"काय म्हणाल्या?"

तो बोलायला गेला आणि थबकला. हेही बायकोचंच वाक्य असणार होतं. "ते तिचं आहे," तो म्हणाला. "मी नको सांगायला."

वहिनींनी त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. चेहऱ्यावरून काही कळलं नाही; आणि त्यानंही, जन्मात पहिल्यांदा, जाणून घ्यायचा प्रयत्न केला नाही. नजर खाली ठेवली. त्यांच्या हातात दोन पिशव्या होत्या, एक कांद्या-बटाट्यांची, जड.

"ही धरा जरा बसपर्यंत," त्या म्हणाल्या.

त्यानं धरली. दोघं गर्दीतून वाट काढत थांब्यावर आली आणि उभी राहिली. बस आली तेव्हा वहिनींनी पिशवी घेतली, आधाराचा दांडा पकडून हळूहळू वर चढल्या आणि आत खिडकीशी जागा मिळाल्यावर पिशव्या पायांशी नीट लावून घेतल्या.